पाचवी पायरी

रामकुंडावर दहाव्याच्या दिवशी कावळा पिंडाला शिवला नाही, आणि दिगंबरकाकांना आयतंच निमित्त मिळालं.

"शिवेल कसा?" घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले. "मेंदू तिकडे बरणीत आणि पिंड इकडे पानावर. कावळ्यालाही कळायला नको का, नक्की कोणाचा पिंड शिवायचा ते?"

दोन-चार जण हसले. दहाव्याला हसले! मालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रामकुंडावरचे कावळे ते! सकाळपासून पिंड खाऊन खाऊन सुस्तावलेले, भूक कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या अजीर्णावरून माणसाच्या मुक्तीचा निकाल लावायचा? पण बापाच्या दहाव्याला चुलत्याशी भांडू नये, हे मुलीच्या जातीला पाळण्यातच पाजलेलं असतं. तिच्या भावानं, पुण्याहून आलेल्या गौरांगनं, ताटकळून ताटकळून शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि बहिणीकडे असं पाहिलं, की मी आधीच सांगितलं होतं.

गेले होते ते बाळाजी, मालिनीचे वडील. उभा जन्म त्यांनी याच घाटावर काढला, येणाऱ्या यजमानांची श्राद्धं-पक्ष चालवण्यात. दिगंबरकाका त्यांचे चुलतभाऊ, शेजारच्याच छत्रीखाली बसणारे, आणि आता घाटावरच्या पुरोहितांच्या मंडळाचे म्होरके. बाळाजी गेले त्या सकाळी मालिनीनं रडायच्या आधी फोन केला तो शाळेपासूनच्या मैत्रिणीला, डॉक्टर संपदाला. संपदा शहराबाहेरच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते. मेलेल्या माणसाच्या मेंदूत आजार कुठवर चढला होता हे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा तिचा अभ्यास. मेंदू काढून द्यायला गौरांगनं फोनवरून कुरकुरत होकार दिला. दुपारच्या आत देह घरी परत आला, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळून. ते फडकं गल्लीनं पाहिलं, आणि घाटावर पोचायला बातमीला तासही लागला नाही.

हा खटाटोप मालिनीनं कशासाठी केला? तिला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. प्रश्न तिचा नव्हता, वडिलांचा होता.

त्याची गोष्ट अशी. घाटावरच्या पुरोहितांनी गावं पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेली असतात. चांदवडकडची गावं बाळाजींच्या घराण्याची. तिकडचा माणूस पायरी उतरताना दिसला की बाळाजी त्याच्या आज्या-पणज्यांची नावं सांगून मोकळे होत, आणि माणूस चाटच पडे. नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या सर्वपित्री अमावास्येला बहिरू नावाचा चांदवडकडचा शेतकरी वडिलांचं श्राद्ध घालायला आला. वडिलांचं नाव लहानू. बहिरूचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, गोटीरामचं, बांधावरून वाकडं. संकल्प सांगताना बाळाजी नावाच्या जागी आले, थांबले, आणि म्हणाले, "गोटीराम."

जिवंत माणसाच्या नावानं पिंड! बहिरूनं ओरडून नाव बदलून घेतलं. पण शब्द सुटायचा तो सुटला होता. आठवड्याच्या आत चांदवडला बोभाटा झाला, की बहिरूनं भटाला पैसे चारून सख्ख्या भावाचे जिवंतपणी पिंड पाडले. आणि दैव असं हलकट, की त्याच हिवाळ्यात गोटीराम कांद्याचा ट्रॅक्टर उलटून आग्रा रोडवर जागच्या जागी गेला.

मग काय विचारता! गोटीरामची बायको सिंधुबाई पंचवटीत घरी आली. तिनं उंबऱ्यावर हात आपटून उरल्या बांगड्या फोडल्या. "माझं कपाळ तू पुसलंस, भटा," ती म्हणाली. बाळाजी दारात उभे होते, पाहुणी आली म्हणून मालिनीला पाणी आणायला सांगत होते. मंडळाची बैठक झाली. बाळाजींना घाटावर बसायला बंदी झाली. ठराव मांडला दिगंबरकाकांनीच, डोळ्यांत पाणी आणून. चांदवडकडची गावं त्यांच्याकडे गेली आणि बाळाजींच्या छत्रीखाली काकांचा मुलगा बसू लागला.

वडील आजारी आहेत, हे मालिनीनं तेव्हाही सांगितलं होतं. ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन सांगितलं होतं. ते कसं ऐकलं गेलं, ते ऐका. "आजारी? मग म्हणायला सांग बरं रुद्र." आणि बाळाजी बसल्या बैठकीला सगळा रुद्र म्हणून दाखवत, एक स्वर इकडचा तिकडे न होऊ देता. झालं! "मंत्र तेवढे पाठ, आणि नावं बरी विसरतो? सोंग आहे, सोंग!" बिचाऱ्याचं उभ्या आयुष्याचं पाठांतरच त्याच्या अंगावर उलटलं. ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, वय झालंय, रात्री बदाम भिजत घाला. मालिनीनं दोन वर्षं बदाम सोलले. बदाम! पुढं मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं तोवर बाळाजी तिला आपली आत्या समजायला लागले होते.

मालिनी शाळेत शिकवायची. वडिलांचं करायचं होतं म्हणून तिचं लग्न राहिलं, की लग्न राहिलं म्हणून वडिलांचं तिच्याकडे आलं, हे विचारणाऱ्याला ती चहाही विचारत नसे. तिनं सगळं केलं. बाळाजी खुर्चीत बसून हवेतल्या हवेत संकल्प सोडत. तिथी, वार, नक्षत्र, गोदावरीचा उत्तर तीर की दक्षिण, सगळं घडाघड. नावाच्या जागी आले की थांबत. मग डावीकडे कलत, कान पुढं करत आणि वाट बघत. "हं?" म्हणत. कोणी काही बोललं नाही की त्यांचा चेहरा कावराबावरा होई. आजारात माणसाला असल्या सवयी लागतात, असं मालिनी समजून होती.

बायकोचं नाव गेलं, पोरांची गेली, जेवलो की नाही हे गेलं. एकच गोष्ट डोक्यातून गेली नाही. मध्येच ते मालिनीचा हात धरत आणि विचारत, "मी मारलं का गं त्याला?"

"नाही बाबा. तुम्ही कोणाला मारलं नाही."

ते मान हलवत. थोड्या वेळानं पुन्हा हात धरत. "मी मारलं का गं त्याला?" जाण्याच्या आदल्या दिवशीही तेच. मालिनीच्या 'नाही'वर त्यांचा विश्वास बसत नव्हता, कारण ती घरचीच. ज्यांनी म्हणायला हवं होतं, त्यांच्या तोंडून ते कधी आलं नाही. तेच आता तिला आणायचं होतं, घाटावर, सगळ्यांदेखत.

संपदाचं बोलावणं यायला दहा-साडेदहा महिने लागले. मेंदू आधी औषधात ठेवून घट्ट करावा लागतो, मग त्याच्या चकत्या, मग ठरलेल्या जागांचे तुकडे, मग त्यांचे केसाहून पातळ काप काचेच्या पट्ट्यांवर, मग रंग. मालिनी गेली तेव्हा संपदानं स्टूल पुढं ओढलं.

"बघ. घाबरू नकोस, यात बाबा दिसणार नाहीत."

मालिनीनं डोळा लावला. फिकट निळ्या पटावर तपकिरी ठिपके, आणि ठिपक्यांत दोऱ्याची गुंतवळ असावी तसं काहीतरी.

"ते गुंते पेशींच्या आत झालेत," संपदा म्हणाली. "जिथं गुंता, तिथली पेशी कामातून गेली. आता मजा बघ. मजा म्हणू नये, पण बघ. हे वाटेल तिथं होत नाही, ठरलेल्या वाटेनं चढतं. आधी इथं, कानशिलाच्या आतल्या बाजूला, आठवणीच्या दारातच. मग आठवणीच्या घरात. मग हळूहळू बाकीच्या मेंदूवर. सहा पायऱ्या केल्यात आम्ही."

"कुठल्या पायरीवर काय, हे कसं ठरवता?"

"तू नाशिकची ना? पूर कसा मोजतो आपण? दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. तसंच. मी ठरलेल्या जागांचे काप एकेक करून बघते. पाणी कुठवर लागलंय ते बघायचं. बाबांचं गळ्यापर्यंत आलं होतं. पाचवी पायरी."

मालिनीनं डोळा काढला. "मग मंत्र कसे म्हणत होते?"

"कारण पन्नास-साठ वर्षं घोकलेलं वेगळ्या वाटेनं मुरतं, तिथं पाणी उशिरा चढतं. आणि समोरच्या यजमानाच्या बापाचं नाव आठवायचं म्हणजे नेमकं ते दार लागतं, जे सगळ्यात आधी बुडालं होतं."

"म्हणजे त्या सर्वपित्रीला..."

संपदानं सूक्ष्मदर्शकाखालची काच काढून घेतली. "हे बघ मालू, त्या दिवशी ते नेमके कुठल्या पायरीवर होते, हे मी शपथेवर सांगणार नाही. काप शेवटच्या दिवसाचा आहे. पण पाणी गळ्याला लागलं म्हणजे कमरेला केव्हातरी लागलंच होतं की नाही? हा पूर एका रात्रीत येत नाही. दहा-पंधरा वर्षं चढत असतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची माणसं तर बाजारहाट करत हिंडत असतात, त्यांना पत्ताही नसतो. त्या दिवशी हा आजार त्यांच्यात होता, असं माझं मत मी लिहून देते."

"असं तेव्हाच का नाही सांगितलं कोणी? बदाम द्या म्हणे! वय झालं म्हणे!" मालिनीचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला.

"हे वय नाही," संपदा म्हणाली. "वयाला असे गुंते होत असते तर शंभरीच्या म्हाताऱ्या नातवंडांची बारशी करत बसल्या नसत्या." निघताना तिनं मालिनीच्या हातात अहवाल दिला, आणि रंगवलेली एक काच छोट्या डबीत घालून दिली.

मालिनी तडक दिगंबरकाकांकडे गेली. त्यांनी काचेवर नुसती नजर टाकली, अहवाल दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि खाली ठेवला.

"बरं मग?"

"मग काय, काका? बाबा आजारी होते. मुद्दाम काही केलं नाही त्यांनी. मंडळात सांगा. ठराव मागं घ्या."

"गेलेल्या माणसाचा ठराव कसला मागं घ्यायचा? आणि पोरी, बाण वेड्यानं मारला काय, शहाण्यानं मारला काय, लागायचा तो लागतोच. शब्द त्याच्याच तोंडून गेला. आता तू काचेवर रंग लावून आणलेस, त्यानं गोटीराम उठून बसणार आहे का?" वर काकूला हाक मारून म्हणाले, "हिला लाडू दे गं, दमलीये."

लाडू! मालिनी चपला घालायच्या आधीच जिना उतरली होती.

तिनं ठरवलं, आता मध्ये कोणी नको. ज्या बाईनं उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या, तिच्याच पुढ्यात जायचं. रविवारी द्वारका चौकातून बस धरून ती चांदवडला गेली. विचारत विचारत मळ्यात पोचली तेव्हा सिंधुबाई कांदा साठवायच्या चाळीपुढं बसून सडका कांदा वेगळा काढत होती. तिनं मालिनीला ओळखलं. उठली नाही.

"म्हातारं गेलं म्हनं."

"गेले. तुमच्या मालकांचंच विचारत गेले."

सिंधुबाईचा हात थांबला. मालिनीनं सगळं सांगितलं: आजार, गुंते, पाचवी पायरी, आणि हात धरून विचारलेला तो प्रश्न. डबीतली काच काढून दिली. सिंधुबाईनं ती उन्हात धरली, या बाजूनं, त्या बाजूनं. एवढुसा तपकिरी डाग.

"ह्ये त्यांच्या डोक्यातलं?"

"हो."

"एवढं रोगानं खाल्लेलं?"

"याहून जास्त."

सिंधुबाईनं काच मांडीवर ठेवली. मग एकदम चिडून म्हणाली, "मंग माझा मानूस कशानं मेला?"

उत्तर सिंधुबाईकडेच होतं, आणि ते तिनं स्वतःच दिलं, कांद्याच्या ढिगाकडे बघत. "टॅक्टरचा बिरेक लागत नव्हता. मी म्हनलं व्हतं, नीट करून घ्या. कांदा इकला का बघू म्हनले. मला ठावं व्हतं, ताई. पन बिरेकला शिव्या घालून जीव नाय भरत. मानूस लागतो शिव्या घालायला. तुमचा म्हातारा गावला."

असं खरं बोलणारं माणूस मालिनीला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही तिनं लपवलं नाही.

"पण तुम्हाला हे कळवलं कोणी, सिंधुताई? बहिरूभाऊ तर स्वतः येऊन सांगणार नाहीत."

"दिगंबरभट आलते की! चार दिसांनी, मोटारसायकलीवर, पोराच्या मागं बसून. म्हनले, मी शेजारीच बसलेलो, माझ्या कानानं आयकलं. मुद्दाम म्हनला म्हनले. तुमच्या घरावर घात झालाय, आता हितून फुडं शांत-बिंत मी बघतो म्हनले."

मालिनी खाली बसली, तिथंच, कांद्याच्या सालींवर.

"आन आमचं भाऊजी," सिंधुबाई पुढं बोलत होती, "बहिरूभाऊ, त्यांनी खंडोबाचा बेलभंडारा उचलून सांगितलं सगळ्या गावाफुडं. म्हनले, मी पैका दिला नाय. भट नावाशी थांबला, आन डावीकडं वाकून बघत ऱ्हायला, लय वेळ. डावीकडं बसल्याला भट निस्ता गालात हासला आन नदीकडं बघाया लागला. मी तवा फोनवर गोटीरामला शिव्या घालत व्हतो, त्येच नाव भटाच्या कानात ऱ्हायलं आसंल, त्यानं त्येच म्हनलं. भाऊजी लय सांगत व्हते. कोन आयकतंय? आमी म्हनलं, चोराच्या उलट्या बोंबा."

डावीकडे वाकून. मालिनीच्या डोळ्यांपुढं खुर्चीतले बाळाजी आले. संकल्प नावापर्यंत आणून थांबलेले, डावीकडे कललेले, कान पुढं केलेले. हं? ती आजाराची सवय नव्हतीच. ते वाट बघत होते. घाटावर त्यांच्या डाव्या हाताची जागा दिगंबरकाकांची. नाव अडलं की शेजारून येत होतं, हळूच, यजमानाला कळू न देता. एकदा नव्हे, कैक दिवस येत असणार, म्हणून तर सगळं विसरलेल्या देहाला डावीकडे कलायचं तेवढं लक्षात राहिलं. आणि त्या सर्वपित्रीला शेजारचा माणूस गप्प बसला. नदीकडे बघत.

म्हणजे काकांना ठाऊक होतं! डॉक्टरांना कळायच्या आधी, मालिनीला कळायच्या आधी, एका माणसाला पक्कं ठाऊक होतं की बाळाजींचं डोकं जातंय. आणि त्याच माणसानं चांदवडला जाऊन 'मुद्दाम' हा शब्द पेरला. मेंदूचे काप काढले, रंग चढवले, महिनेच्या महिने काचा तपासल्या, ते सगळं कशासाठी? जे शेजारच्या छत्रीखाली बसल्या बसल्या कानानं कळत होतं, ते सिद्ध करायला? आणि वर तोच विचारतो, बरं मग?

"सिंधुताई," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. याल?"

सिंधुबाईनं काच पदरानं पुसून डबीत ठेवली. "भाऊजींस्नी बी आनते," ती म्हणाली. "नऊ-धा वर्सं बोललो नाय आमी. आता बोलावं लागंल."

वर्षश्राद्धाला मालिनीनं त्र्यंबकहून गुरुजी बोलावले. घाटावरचं कोणी नको, असं ती गौरांगला म्हणाली. आणि जागा मात्र बाबांचीच हवी. गौरांग म्हणाला, कशाला उगाच. ती म्हणाली, उगाच नाही. श्राद्धाला आलेल्या माणसाला घाटावर जागा नाकारणं चार यजमानांदेखत बरं दिसत नाही, तेव्हा दिगंबरकाकांच्या मुलानं तोंड वाकडं करत आपला पाट उचलला. काका मात्र हलले नाहीत. ते आपल्या जागेवर होते, डाव्या हाताला. त्यांच्यापुढं सटाण्याकडची पाच-सहा माणसं बसली होती.

वरच्या पायरीवर सिंधुबाई उभी होती, आणि दोन हात सोडून बहिरू. काकांनी दोघांना पाहिलं आणि त्यांच्या हातातली पळी ताम्हनात वाजली.

गौरांगनं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, तोंड दक्षिणेला केलं. गुरुजींनी संकल्प सुरू केला. तिथी झाली, वार झाला, नक्षत्र झालं. "अस्मत्पितुः..." गुरुजी थांबले. त्यांना बाळाजी माहीत नव्हते. "वडिलांचं नाव सांगा."

गौरांगनं तोंड उघडलं. मालिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू नको," ती म्हणाली. "या जागेवर नाव डावीकडून येतं. हो ना, काका?"

घाटावर आवाज कमी नसतात, पण तेवढ्या पट्ट्यातले थांबले. सटाण्याच्या माणसांनी माना वळवल्या. काका नदीकडे बघायला लागले.

"आत्ताही नदीकडेच बघणार?" मालिनी म्हणाली. "बाबा असेच थांबले होते. असेच वाकले होते तुमच्याकडे. त्याआधी किती वेळा सांगितलंत नाव? दहा वेळा? शंभर वेळा? त्यांचं डोकं चाललंय हे तुम्हाला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, काका, मी बदाम सोलत होते! आणि तुम्ही चांदवडला जाऊन काय सांगितलंत? मुद्दाम?"

"श्राद्धात असला तमाशा..." काका पुटपुटले.

"मी उचलीन बेलभंडारा पुन्हा," वरून बहिरू म्हणाला. "ह्योच हासला व्हता."

गुरुजी पळी धरून बसले होते. संकल्प अर्धवट सोडता येत नाही. नाव आल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गौरांग बहिणीकडे बघत राहिला, मग काकांकडे. आणि मग त्यानं, जन्मात कधी बहिणीचं ऐकलं नव्हतं त्या माणसानं, कमरेतून डावीकडे वाकून कान पुढं केला.

"हं?" तो म्हणाला.

सटाण्याचा एक म्हातारा आपल्या पाटावरून म्हणाला, "सांगा की महाराज, नाव सांगायला काय लागतंय?"

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. पश्चात्ताप झाला असेल, असं मालिनीला तेव्हाही वाटलं नाही आणि पुढंही वाटलं नाही. समोर यजमान बसले होते, एवढंच. त्यांनी ओठ ओले केले.

"बाळाजी," ते म्हणाले. हळूच, शेजाऱ्यापुरतं, अगदी सवयीच्या आवाजात.

गुरुजींनी नाव उचललं आणि पुढं निघाले. गौरांगच्या डोळ्यांतलं पाणी पिंडावर पडलं. सिंधुबाई दोन पायऱ्या उतरून खाली आली आणि पानावरच्या पिंडासमोर उकिडवी बसली, समोर माणूस बसलेलं असावं तशी.

"महाराज," ती म्हणाली, "तुमी नाय मारलं त्येला. आयकलं का? तुमी नाय मारलं."

मालिनी तिच्या शेजारी बसली नाही. रडलीही नाही, ते घरी गेल्यावर. ती दिगंबरकाकांकडे वळली, वर्षभर घोटून ठेवलेल्या शिव्या ओठांवर घेऊन. आणि तो माणूस मान खाली घालून ताम्हनातली पळी सरळ करत होता, तेव्हा तिला एकच वाक्य सुचलं.

"एवढंच करायचं होतं, काका," ती म्हणाली. "तेव्हा फक्त एवढंच करायचं होतं."